मदतीचे चावडीवाचन

१९४६ सालच्या ३१ डिसेंबरला कोलोन शहरातील एका चर्चमध्ये आर्चबिशप कार्डिनल योसेफ फ्रिंग्स यांनी वर्षअखेरचे प्रवचन दिले. युद्धाने शहर जमीनदोस्त झाले होते, थंडी जीवघेणी होती आणि लोक मालगाड्यांच्या वाघिणींमधून कोळसा पळवून घरी नेत होते. जीव आणि प्रकृती टिकवण्यासाठी जे आवश्यक आहे आणि जे कष्टाने किंवा विनवणीने मिळत नाही, ते गरजूने घेतले तर चालेल, असे फ्रिंग्स यांनी सांगितले. गरजेपेक्षा जास्त नेलेले परत केले पाहिजे, असेही त्यांनी लगेच बजावले होते, पण लोकांनी सोयीचे तेवढेच लक्षात ठेवले आणि कोळसा लांबवण्यासाठी जर्मन भाषेत ‘फ्रिंग्सन’ असे नवे क्रियापदच रूढ झाले. पुढे ऑगस्ट १९५८ मध्ये याच कार्डिनलांनी फुल्डा येथे जमलेल्या जर्मन बिशपांपुढे जगातील भूक आणि रोगराई यांविरुद्ध निधी उभारण्याची कल्पना मांडली. त्यातून जी संस्था उभी राहिली ती ‘मिझेरिओर’. हे नाव मार्कच्या शुभवर्तमानातील येशूच्या उद्गारावरून घेतले आहे. लोकांचा कळवळा येतो, असा त्याचा अर्थ. ईस्टरआधीच्या उपवासकाळात जेवणातला घास कमी करून वाचलेले पैसे द्या, असे आवाहन १९५९ मध्ये जर्मनीतील चर्चमधून झाले आणि पहिल्याच वर्षी तीन कोटी मार्कांहून अधिक रक्कम जमली. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत परदेशी मदतीच्या पाकिटांवर जगलेल्या देशाने ती दिली होती, हे या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे.

जर्मनीतील आखेन येथे मुख्यालय असलेली ही संस्था आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत काम करते. ‘काम करते’ हा शब्दप्रयोग खरे तर सैल आहे. मिझेरिओर सहसा स्वतः विहीर खणत नाही, दवाखाना चालवत नाही; त्या त्या देशातील संस्थांनी आखलेल्या कामांना ती पैसा देते. ही पद्धत मला मुळातच योग्य वाटते, कारण परगावचा माणूस येऊन आपल्याला काय हवे ते ठरवतो यापेक्षा गावाशेजारच्या संस्थेने ते ठरवणे केव्हाही बरे. मात्र या पद्धतीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. पैसा एकाचा, काम दुसऱ्याचे आणि परिणाम तिसऱ्याच्या आयुष्यावर, असे असताना हिशेब कोणी कोणाला द्यायचा? महाराष्ट्रात परदेशी ख्रिस्ती निधीविषयी जेवढी चर्चा होते तिच्यात हा प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही, कारण धर्मांतर होते की नाही हा एकच प्रश्न सारी जागा अडवून बसलेला असतो.

तो प्रश्न हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० या दुष्काळांत नगर जिल्ह्यात व आसपास मिशनऱ्यांचे मदतकार्य आणि बाप्तिस्म्यांची वाढ ही दोन्ही बरोबरीने चालली होती. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत धर्मांतर होते, या आरोपावरून ‘केसरी’ने उठवलेले वादळ हा तर आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासाचाच भाग आहे. ही कामे मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनांची होती, पण आपल्याकडच्या चर्चेत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात फरक करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याने त्याच्या श्रद्धेवर हात घालावा, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या नावाने झाली तरी निंद्यच आहे. ती ‘सेवा’ या शब्दाआड लपत नाही.

मिझेरिओरच्या स्थापनेत या शंकेचे उत्तर अंतर्भूत होते. धर्मप्रसाराच्या कामासाठी जर्मन कॅथलिकांची ‘मिस्सिओ’ ही वेगळी संस्था होती आणि लॅटिन अमेरिकेतील चर्चच्या धर्मकार्यासाठी १९६१ मध्ये ‘आडफेनियाट’ हा निधी निघाला. भूक आणि रोग यांचे खाते त्यांच्यापासून जाणीवपूर्वक अलग ठेवले गेले. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि जागतिक मदतसंस्थांनी मिळून जी आचारसंहिता तयार केली, तिच्यामागे कॅथलिक मदतसंस्थांचा ‘कारितास इंटरनॅशनालिस’ हा महासंघही होता, आणि मदत वंश, धर्म वा राष्ट्रीयत्व न पाहता द्यावी, तिचा वापर कोणत्याही धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करू नये, हे तिच्यात स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पहिल्याच परिपत्रकात सांगितले की चर्चच्या नावाने सेवा करणाऱ्याने चर्चची श्रद्धा दुसऱ्यावर लादू नये. हे पोप म्हणजे योसेफ रात्सिंगर, १९६० च्या दशकात भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत याच कार्डिनल फ्रिंग्स यांचे तरुण सल्लागार. नियम असणे म्हणजे आचरण असणे नव्हे, हे कबूल. जिथे तक्रार असेल तिथे चौकशी व्हावी. तरीही प्रत्येक कामाकडे याच एका चष्म्यातून पाहत राहिल्याने आपले जे नुकसान होते ते वेगळ्याच बाजूला आहे.

१९५८ च्या त्या भाषणात फ्रिंग्स यांनी केवळ दान मागितले नव्हते. जगातील धनवंतांच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या सदसद्विवेकाला हाक देणे हेही या कामात येते, असे त्यांनी म्हटले होते. दानशूर संस्था बहुधा हे दुसरे काम टाळतात, कारण देणगीदार आणि धनवंत ही अनेकदा एकच माणसे असतात. मिझेरिओरने ते सर्वस्वी टाळलेले नाही. १९७७ च्या उपवासकाळात तिने आपल्याच लोकांना सांगितले की इतरांना जगता यावे म्हणून तुम्ही वेगळ्या तऱ्हेने जगा. १९९६ मध्ये ‘बुंड’ या पर्यावरण संघटनेसह तिने वुपरटाल येथील संशोधन संस्थेकडून एक मोठा अभ्यास करून घेतला. जगाच्या दारिद्र्याचा विचार करताना जर्मनीने स्वतःचा ऊर्जेचा, जमिनीचा आणि कच्च्या मालाचा वापर कमी केला पाहिजे, हे त्यात मांडले होते. गालिचा विणणाऱ्या मुलांची सुटका व्हावी म्हणून कैलाश सत्यार्थी यांनी १९९० च्या दशकात उभ्या केलेल्या ‘रगमार्क’ या प्रमाणचिन्हामागेही ज्या जर्मन संस्था होत्या त्यांत ती होती. ग्राहक जर्मनीत आणि कारखाना मिर्झापूर-भदोहीच्या पट्ट्यात, अशा साखळीत पैसे वाटण्यापेक्षा खरेदीदाराला अटी घालणे जास्त परिणामकारक ठरते, ही त्यामागची समज होती.

अलीकडचे उदाहरण याहून धारदार आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यू येथे लोहखाणीच्या गाळाचे धरण फुटले आणि सुमारे २७० माणसे मेली. ते धरण सुरक्षित असल्याचा दाखला त्याआधी काही महिने ‘ट्यूफ ज्यूड’ या म्युनिकस्थित तपासणी कंपनीच्या ब्राझीलमधील उपकंपनीने दिला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मृतांच्या नातलगांपैकी पाच महिलांसह मिझेरिओरने आणि बर्लिनच्या एका मानवाधिकार संस्थेने या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या सरकारी वकिलांकडे तक्रार दाखल केली. ब्राझीलमधील विधवांना तांदळाची पोती पाठवणे कितीतरी सोपे होते, आणि त्याने जर्मनीत कोणी रागावलेही नसते. आपल्याच देशातील प्रतिष्ठित कंपनीचे नाव घेऊन आपल्याच देशातील फिर्यादी यंत्रणेच्या दारात उभे राहणे, ही मला कोणत्याही मदतसंस्थेची खरी कसोटी वाटते, आणि या एका कसोटीवर मिझेरिओर उतरली असे म्हणण्यास माझी हरकत नाही.

पण बलवानाला जाब विचारणाऱ्याने स्वतःही जाब देण्याची तयारी ठेवावी लागते, आणि इथून पुढे चित्र तितके सुखद राहत नाही.

पहिली गोष्ट पैशाची. १९६२ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने विकासनिधीचा एक भाग चर्चच्या मार्गाने खर्च करण्याची व्यवस्था केली आणि कॅथलिक बाजूने त्यासाठी मिझेरिओरशी जोडलेली एक मध्यवर्ती कचेरी आखेनलाच स्थापन झाली. हा पैसा धर्मप्रसारासाठी वापरायचा नाही, अशी अट तेव्हापासून आहे. कामे निवडण्यात सरकार ढवळाढवळ करणार नाही, असाही संकेत आहे. परंतु आज मिझेरिओरच्या उत्पन्नात उपवासाच्या दानपेटीतील पैशापेक्षा सरकारी निधीचा वाटा मोठा आहे, आणि ही दरी बुजण्याची चिन्हे नाहीत. २०२२ या एकाच वर्षात जर्मनीत पाच लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्चचे सदस्यत्व सोडले. जो चर्चमध्ये येतच नाही तो पेटीत पैसे कसे टाकणार? दुसरीकडे जर्मन सरकारनेही विकासखात्याच्या अंदाजपत्रकाला गेल्या काही वर्षांत कात्री लावली आहे. एक आधार खचतो आहे आणि दुसरा आखडतो आहे, अशा स्थितीत संस्था कोणाला दुखवायला कचरेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. सदस्य चर्च सोडून जातात त्याला कारण आहे. जर्मन बिशपांनीच करवून घेतलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातील कागदपत्रांवरून ३,६७७ अल्पवयीन पीडितांची आणि १,६७० आरोपित धर्मगुरूंची नोंद झाली. या कलंकाचा मदतकार्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. आडफेनियाट या भगिनी संस्थेचे दीर्घकाळचे प्रमुख आणि पुढे इक्वेडोरमध्ये बिशप झालेले एमिल श्टेहले यांच्याविषयी २०२२ मध्ये बिशप परिषदेने करवून घेतलेल्या अहवालात त्यांच्यावरील अत्याचाराचे आरोप तर आहेतच, शिवाय जर्मनीत गुन्ह्यासाठी हव्या असलेल्या धर्मगुरूंना लॅटिन अमेरिकेत दडायला त्यांनी मदत केल्याचेही त्यात आले आहे. दानाचा पैसा ज्या वाटेने जातो त्याच वाटेने गुन्हेगारही जाऊ शकतो, कारण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या गरिबाला ‘हा कोण?’ असे विचारण्याची सोय नसते. हा दोष एका पंथाचा नाही. २०१८ मध्ये हैतीतील प्रकरण बाहेर आल्यावर ऑक्सफॅम या निधर्मी संस्थेवरही हीच वेळ आली होती. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे बळ जिथे एवढे विषम असते, तिथे देणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबणे हाच मूळ धोका आहे.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखे काही आहे, आणि ते नगर जिल्ह्यातच घडले आहे. स्विस जेझुईट फादर हर्मन बाखर स्वातंत्र्यानंतर लगेचच भारतात आले आणि अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी दुष्काळी शेतकऱ्यांसाठी काम उभे केले. सुरुवातीची वर्षे विहिरींची आणि उपसा सिंचनाची होती. काही काळाने त्यांच्या लक्षात आले की विहिरी वाढत आहेत आणि पाणी खोल जात आहे. ज्याच्याकडे इंजिन आहे तो बागायतदार होतो आणि शेजारच्याची विहीर आटते. परदेशी मदतीतून झालेल्या कामाच्या उणिवा आपणच उघडपणे मान्य करणे, ही या क्षेत्रात फारशी न आढळणारी गोष्ट आहे. त्यानंतर ते डोंगरमाथ्याकडे, म्हणजे पावसाचे पाणी उतारावरच अडवण्याकडे, वळले. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या बँकेची चौकट आणि गावोगावच्या संस्था यांना जोडून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ मध्ये त्याला बळ देण्यासाठी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन झाली. १९९९-२००० मध्ये केंद्राने आणि नाबार्डने मिळून २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा केला, त्यामागे या कामाचा अनुभव होता.

या कार्यक्रमातील चर, बांध आणि तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन बंधारे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याची कारभाराची घडी जास्त महत्त्वाची वाटते. गावाने आधी काही दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवायची. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची. मग पाणलोट समिती निवडायची. आराखडा कचेरीत बसून होत नसे. गट नंबरनुसार प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून त्याच्या शेतात काय करायचे ते त्याच्याशी बोलून ठरे, आणि कामाचे पैसे समिती आणि संस्था यांच्या संयुक्त बँक खात्यात येत. कुठला चर किती लांब खणला आणि मजुरी किती निघाली, हे खणणाऱ्याला स्वतःच माहीत असल्याने खोटे मोजमाप लिहिणे अवघड होते. परदेशातून आलेला पैसा प्रथमच त्याच गावातल्या माणसाच्या नजरेखाली आला होता. सगळे गोड होते असे मात्र नाही. चराईबंदीचा पहिला फटका मेंढपाळांना बसतो आणि पाणी वाढल्याचा पहिला लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्याला मिळतो. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरीचे दिवस येतात आणि काम संपले की तेही संपतात. पण ही तक्रार मांडायला त्या मेंढपाळाजवळ निदान एक समिती होती, तिची बैठक होती आणि तोंडओळखीची माणसे होती. आखेनच्या कचेरीत तो कधी पोहोचला असता?

आता आपल्या कायद्याकडे वळू. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने अधिक आवळला. परदेशी निधी आता दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच ठरावीक शाखेतून घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. परदेशी पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे जाणण्याचा सरकारचा अधिकार मी निःशंकपणे मानतो. परंतु शेवटच्या अटीने मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या लहान संस्थेकडे जाणारा ओघच तोडला. ज्यांना इंग्रजीत प्रस्ताव लिहिता येतो आणि दिल्लीतील खाते सांभाळता येते त्यांचेच यात फावले. जी संस्था गावाच्या सर्वांत जवळ, तिलाच कायद्याने सर्वांत दूर ढकलले आहे. आणि पारदर्शकतेचे म्हणाल तर संस्थांची वार्षिक विवरणपत्रे पूर्वी गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत होती. जुलै २०२२ मध्ये ती तिथून काढून टाकण्यात आली. म्हणजे संस्थेने सरकारला हिशेब द्यायचा, पण तो ज्यांच्या नावाने खर्च झाला त्यांना दिसण्याची जी एक खिडकी होती तीही बंद.

तेव्हा स्थिती अशी आहे: एक अहवाल इंग्रजीत आखेनला जातो, दुसरा ठरावीक नमुन्यात दिल्लीला जातो आणि ज्या गावात काम झाले तिथे फार तर एक फलक उभा राहतो, ज्यावर देणाऱ्याचे बोधचिन्ह रकमेपेक्षा मोठे असते. धर्मांतराची शंका घेणाऱ्यांनाही आणि सेवेचे कौतुक करणाऱ्यांनाही या स्थितीचे काही वाटत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. शंका घेणाऱ्याला खरोखर उत्तर हवे असेल तर ते दिल्लीच्या फाइलीत मिळणार नाही. कोणाला शिष्यवृत्ती मिळाली, कोणाला वगळले, कोणत्या अटीवर दिली, हे ज्या वस्तीत ते घडले तिथल्या माणसांनाच सांगता येते.

आपल्याकडे याचा नमुना आयता आहे. २००५ च्या रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच करायची हिशेबतपासणी, ग्रामसभेकडे सोपवले. महसूल खात्यात तर चावडीवाचनाची रीत त्याहून जुनी आहे. तलाठ्याने दप्तर उघडून नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच उठून ती सांगायची, इतकी ती साधी आहे. परदेशी निधी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती चर्चची असो, संघाची असो वा कोणाचीच नसो, वर्षातून एकदा आपल्या कामाच्या गावी मराठीत असे वाचन करावे, अशी अट मिझेरिओरसारख्या संस्थांनी स्वतःच्या करारात घालावी. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप येतील. ग्रामसभा बहुतेक ठिकाणी सरपंचाच्या आणि वाड्यावरच्यांच्या मुठीत असते, तिथे दलित वस्तीत किंवा ठाकरवाडीत काम करणाऱ्या संस्थेला उलट वेठीला धरले जाईल, हा पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. म्हणूनच वाचन ग्रामपंचायतीच्या कचेरीत न ठेवता ज्या वस्तीसाठी पैसा आला त्या वस्तीत व्हावे, आणि हरकतीची प्रत संस्थेकडे न जाता थेट देणाऱ्याकडे जावी. लहान संस्थांवर कागदांचा बोजा वाढेल, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. आखेनसाठी चाळीस पानांचा अहवाल लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्याच माणसांसमोर दोन पाने वाचणे जड जात असेल, तर अडचण कागदांची नाही. देणाऱ्याकडेही एक काम उरते. वस्तीतून आलेली हरकत मराठीत असेल, कदाचित पेन्सिलीने लिहिलेली असेल, आणि तिला उत्तर देण्यासाठी मुख्यालयात ती वाचू शकणारा कोणीतरी नेमावा लागेल.